बंद टर्मिनलला हार घालू नका

फोन हातात आहेच, तर एक शब्द टाइप करा : साताऱ्यात. आता त्यातल्या ‘ऱ्या’कडे नीट बघा. ‘सूर्य’ लिहिताना र उडी मारून य च्या डोक्यावर जातो. इथे तो डोक्यावर गेलेला नाही, य च्या अलीकडे पापणीसारखा टेकून उभा आहे. हिंदीचं या चिन्हावाचून काही अडत नाही. मराठीचं अडतं. ‘आचार्यांनी’ आणि ‘आचाऱ्यांनी’ हे दोन वेगळे लोक आहेत. लग्नात मंत्र कुणी म्हटले आणि जिलेबी कुणी तळली, हा फरक एवढ्याशा रेघेवर उभा आहे.

तुमच्या फोनला हा फरक कुणी शिकवला? कॅलिफोर्नियातल्या एखाद्या कंपनीला मराठीची दया आली म्हणून तो आलेला नाही. युनिकोडने देवनागरीची मांडणी उचलली ती ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरून. १९८८ सालची इस्की हा त्या मांडणीचा पाया. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्कीची सुधारित आवृत्ती आयएस १३१९४ या क्रमांकाने आणली. ‘ऱ’चं अर्धं रूप पापणीसारखं दाखवायचं, हा नियम इस्कीला अनुसरून आहे, असं युनिकोडच्या प्रमाणग्रंथात नोंदवलेलं आहे.

आणि इस्की काही नुसती समितीच्या टेबलावर जन्मली नाही. तिच्यामागे यंत्रं होती. आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी दाखवणाऱ्या टर्मिनलवर काम झालं. मोहन तांबे ते काम पुढे घेऊन १९८८ मध्ये नुकत्याच स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्या तंत्राचं नाव जिस्ट. पीसीत बसवायचं जिस्ट कार्ड निघालं, आणि युनिक्सच्या यंत्रांना जोडायचं जिस्ट टर्मिनलही निघालं. सी-डॅक म्हटलं की सगळ्यांना १९९१ चा परम ८००० महासंगणक आठवतो. अभिमानाची गोष्ट आहे, आठवावाच. पण साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या माणसाच्या बोटांखाली रोज जे चालतं त्यात परम कमी आणि जिस्ट जास्त आहे.

तर माझं म्हणणं असं : देवनागरी टर्मिनल आणि त्याच्या जोडीने आपल्या बँकांत, तिकीट खिडक्यांवर, कचेऱ्यांत वापरलेली हिरव्या-पिवळ्या अक्षरांची सगळी जुनी टर्मिनल्स जतन करायला हवीत, आणि जतन करायची म्हणजे चालू ठेवायची. काचेच्या कपाटात बंद करून ठेवलेलं टर्मिनल जतन होत नाही. ते फक्त सावकाश मरतं, आणि मरताना त्याच्या शेजारी माहितीची पाटी लावलेली असते.

टर्मिनल म्हणजे काय, हे एकदा नीट सांगू द्या

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि माझ्या वयाच्या बऱ्याच इंजिनिअरांना टर्मिनल म्हणजे लॅपटॉपवरची काळी खिडकी एवढंच माहीत असतं. ती खिडकी म्हणजे नक्कल आहे. मूळ टर्मिनल ही टेबलावर ठेवायची वस्तू होती : एक पिक्चर ट्यूब, एक कीबोर्ड आणि मागून निघालेली एक वायर. आत तुमचा प्रोग्रॅम चालवणारा संगणक नाही. संगणक मागच्या थंड खोलीत एकच, आणि त्याच्याशी बोलणारी टर्मिनल्स बाहेर आठ-दहा. तुम्ही बटण दाबलं की अक्षर वायरीतून आत जायचं, आणि आतल्याने परत पाठवलं तरच पडद्यावर उमटायचं. म्हणून त्याला इंग्रजीत लोक ‘डम्ब’ म्हणत. पण देवनागरी टर्मिनल तितकं बिनडोक नव्हतं, त्याकडे पुढे येतो.

थोडं गणित करू. पडद्यावर ८० रकाने आणि २४ ओळी, म्हणजे १९२० अक्षरं. वायरीतून साधारणपणे सेकंदाला ९६०० बिट जायचे, आणि एका अक्षराला आगेमागेच्या खुणा धरून १० बिट लागायचे. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. पडदा पूर्ण भरायला दोन सेकंद. मजकूर वरून खाली पाऊस आल्यासारखा यायचा. ज्याने टर्मिनल वापरलंय त्याला हा वेग अंगात भिनलेला असतो : दोन सेकंद थांबायचं, तेवढ्यात समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघायचं. हे ८० रकाने तरी कुठून आले? आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डावरून. आज पायथॉन लिहिणाऱ्याला ओळ ७९ अक्षरांच्या आत ठेवायला सांगतात, त्याची वंशावळ टर्मिनलमार्गे त्या पुठ्ठ्याच्या कार्डापर्यंत जाते.

डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचं व्हीटी-१०० टर्मिनल १९७८ मध्ये आलं. पडदा पुसा, कर्सर अमुक ठिकाणी न्या, अक्षर ठळक करा, या गोष्टींसाठी त्यात सांकेतिक आदेश होते. आज तुमच्या फोनवर टर्मक्स घातलं असेल तर त्यातही तेच आदेश चालतात. लिनक्समध्ये ‘टीटीवाय’ म्हणतात, ते टेलिटाइप या टर्मिनलच्याही आजोबाचं नाव आहे. आपण रोज मेलेल्या माणसांची भाषा बोलतो आणि ती कुणाची, हे विचारत नाही.

या भागात टर्मिनल कसं आलं? बहुतेकांच्या आयुष्यात ते समोरून आलं नाही, पाठमोरं आलं. मिरज जंक्शनच्या आरक्षण खिडकीपलीकडे त्याची फक्त पाठ दिसायची. बँकांत ते भांडून आलं. संगणक आला तर कारकुनाचं काम जाईल ही भीती खोटी नव्हती. १९८३ मध्ये बँक संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला तेव्हा कुठे लेजर पोस्टिंगच्या यंत्रांना वाट मिळाली, आणि १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. पुढे शाखेत एक युनिक्स मशीन आणि काउंटरवर टर्मिनल्स ही रचना रुळली. ज्या पिढीने जाड लेजर मिटून या हिरव्या पडद्यावर पहिली नोंद केली ती आता निवृत्त झाली आहे. त्यांच्या हातांच्या आठवणीचं संग्रहालय कुठे आहे?

मारायच्या तीन पद्धती

पहिली पद्धत भंगाराची. कचेरीत जागा अडते, जुनं सामान निर्लेखित होतं, लिलाव होतो, टेम्पो येतो. हल्ली याला पुण्यकर्माचं रूप आलंय. कॉलेजात ‘ई-कचरा संकलन मोहीम’ होते, विद्यार्थी हातमोजे घालून फोटो काढतात, आणि त्या ढिगात काय काय होतं याची यादी कुणी करत नाही. ई-कचऱ्याला माझा विरोध नाही. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. ती ओढ्यात फेकण्यापेक्षा परवानाधारकाकडे गेलेली हजार पटींनी बरी. पण १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम बघा. त्यांत नोंदणी कुणाची? निर्माता, उत्पादक, दुरुस्त करून विकणारा आणि पुनर्चक्रण करणारा. हिशेब कशाचा? वजनाचा. संग्रहालय या शब्दाला त्या साखळीत दारच नाही. जुनं यंत्र एकतर पुन्हा विकायचं किंवा वितळवायचं. शंभर टर्मिनल्सपैकी नव्व्याण्णव जरूर वितळवा. एक काढून ठेवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, एवढंच मी विचारतोय.

दुसरी पद्धत काचेच्या कपाटाची, आणि माझा खरा राग हिच्यावर आहे, कारण ही पद्धत प्रेमाचा आव आणते. मी ज्या कॉलेजात शिकलो तिथे विभागाच्या पॅसेजमध्ये असं एक कपाट होतं. त्यात फ्लॉप्या, एक मदरबोर्ड, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि मधोमध एक टर्मिनल. वायर कापलेली. चार वर्षांत ते कपाट मी कधी उघडलेलं पाहिलं नाही. तपासणी समिती यायची असली की काच पुसली जायची आणि दसऱ्याला हार पडायचा. शेकडो संगणक अभियंते त्या टर्मिनलसमोरून गेले आणि त्यांतल्या कुणालाही ते काय करतं हे कळलं नाही. कसं कळणार? कुलूपबंद टर्मिनल हे टीव्हीसारखं दिसणारं खोकं असतं.

इथे कुणी म्हणेल, अहो, संग्रहालय म्हणजे काचेआडच असतं. औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे, आणि कुणी त्यांना हात लावत नाही. बरोबर. पण चित्र बघण्यासाठीच काढलेलं असतं. बघितलं की त्याचं काम झालं. टर्मिनलचं काम बघण्याने होत नाही. बटण दाबल्यावर काय होतं आणि किती वेळाने होतं, हेच त्याचं असणं आहे. त्याची तुलना चित्राशी नको, मिरजेच्या तंबोऱ्याशी करा.

मिरजेत पिढ्यानपिढ्या सतार आणि तंबोरे बनतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोरा वाजवला की घोडीवरची जवारी झिजते. मग तो कारागिराकडे जातो, कारागीर घोडी घासून जवारी पुन्हा काढतो, आणि तंबोरा पुन्हा बोलतो. ‘झिजेल म्हणून वाजवू नका’ असं मिरजेत कुणी म्हणत नाही. वाजवणं, झिजणं आणि दुरुस्त होणं हेच त्या वाद्याचं जतन. आणि जतन होतं ते नुसत्या भोपळ्याचं आणि लाकडाचं नाही, जवारी काढणाऱ्या हाताचंही. एका जिल्ह्याला ही गोष्ट लाकडाच्या बाबतीत दीडशे वर्षं समजते, तर पत्र्याच्या आणि काचेच्या बाबतीत का समजू नये?

तिसरी पद्धत माझ्या जातभाईंची. ती म्हणजे ‘इम्युलेटर आहे ना!’ जुन्या यंत्राची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करा, हिरवी चमकही दाखवा, खोकं फेकून द्या. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इम्युलेटर स्वस्त असतो, त्याची हजार प्रती निघतात, तो पुरात बुडत नाही. व्हीटी-१०० च्या बाबतीत तो बऱ्यापैकी खराही आहे. पण का खरा आहे? कारण त्या यंत्राची पुस्तकं छापली गेली, ती स्कॅन झाली, आतल्या रॉमच्या प्रती काढल्या गेल्या, आणि जगभर हजारो हौशी लोकांनी खऱ्या यंत्राशी ताडून बघत नक्कल घासूनपुसून घेतली. नक्कल करायला अस्सल लागतं. सोनाराला साच्यासाठीसुद्धा एक दागिना समोर लागतोच.

आता हाच नियम देवनागरी टर्मिनलला लावा. त्याच्याभोवती तसा जगभरचा गोतावळा नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या कंपनीचं टर्मिनल वाचवायला जग आहे. ‘साताऱ्यात’ नीट लिहिणारं टर्मिनल वाचवायला आपल्याशिवाय कोण येणार? इम्युलेटरचा युक्तिवाद इंग्रजी यंत्रांच्या जिवावर उभा आहे, आणि तो मराठी यंत्राला जसाच्या तसा लावणं म्हणजे शेजाऱ्याने विमा काढलाय म्हणून आपण बिनधास्त झोपण्यासारखं आहे.

चालू यंत्रच सांगू शकतं अशा गोष्टी

देवनागरी टर्मिनल बिनडोक नव्हतं, असं वर म्हटलं. त्याचं कारण हे. इंग्रजीत अक्षराला एक क्रमांक आणि क्रमांकाला एक आकार, गोष्ट संपली. देवनागरीत ‘क्षि’ला वेलांटी आधी दिसते पण उच्चार नंतर होतो, जोडाक्षरात अर्धा आकार बदलतो, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. जिस्टने निर्णय घेतला की साठवायचं उच्चाराच्या क्रमाने आणि आकार दाखवताना जुळवायचा. टायपिंगही त्याच क्रमाने. १९८६ मध्ये प्रमाण ठरलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड याच विचाराचा, आणि तो आजही तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये निवडता येतो. आकार जुळवण्याचं हे काम आज अँड्रॉइडमध्ये हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर करतं. तेव्हा ते मोजक्या चिपांत बसवलं होतं. किती कमी साधनांत किती मोठी गोष्ट बसवली, हे वाचून कळत नाही. समोर बसून ‘र’, हलन्त, ‘य’ अशी बटणं दाबली आणि पडद्यावर अक्षर आपल्या डोळ्यांदेखत आकार बदलताना दिसलं, की कळतं.

दुसरी गोष्ट आणखी मोठी आहे. इस्कीत सगळ्या ब्राह्मी कुळातल्या लिप्यांना एकच क्रमपट्टी होती. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांचा क्रमांक एक. मध्ये लिपीची एक खूण टाकली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत उभा राहायचा. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात मराठी आणि कन्नड एकाच बाजारात, एकाच घरातही बोलतात. तिथल्या माणसाचं नाव एकदा टाइप करा आणि दोन्ही लिप्यांत दाखवा, ही शक्यता त्या यंत्रात मुळातच होती. युनिकोडने प्रत्येक लिपीला वेगळा गाळा दिला. त्याचे फायदे मोठे आहेत, मी स्वतः युनिकोडवाला आहे. पण एक वेगळी वाट होती, ती आपल्या माणसांनी चालून दाखवली होती, आणि ती मागे पडली. संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलाने ही हरलेली वाट हातांनी चालून बघितली नाही तर तो असंच समजत राहील की आज जे आहे तेच होणं भाग होतं, आणि ते बाहेरूनच येणार होतं.

तिसरी गोष्ट रुक्ष आहे पण पोटाची आहे. जिस्टवर आधारलेल्या प्रणाल्यांत वर्षानुवर्षं मराठी मजकूर साठत गेला. अशा फायली आज साध्या संगणकावर उघडल्या तर चित्रविचित्र अक्षरांचा कचरा दिसतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रूपांतर बरोबर झालं की नाही हे ताडणार कशाशी? मूळ यंत्र काय दाखवत होतं, हा एकच शेवटचा पुरावा. ‘आचाऱ्या’चा ‘आचार्य’ झाला तर हसून सोडता येईल. एखाद्या दस्तऐवजातल्या आडनावाचं तसं झालं तर कोर्टात कुणी हसणार नाही.

‘पण ते चालणार कसं?’

जुनं टर्मिनल चालू ठेवणं अवघड आहे, आणि त्यात गूढ काही नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात किंवा फुगतात. बॅटरी फुटून बोर्डाचा तांबडा-हिरवा चिखल करते. काही कीबोर्डांत बटणाखाली फोमची चकती असते, तिचा भुगा होतो. पिक्चर ट्यूब आणि पुढची संरक्षक काच यांच्यातला चिकट थर कुजला की पडद्यावर मोतीबिंदूसारखे डाग येतात. वर्षानुवर्षं बंद पडलेलं यंत्र थेट २३० व्होल्टवर लावलं तर धूर निघू शकतो. म्हणून आधी उघडून तपासायचं आणि व्होल्टेज हळूहळू चढवायचं. बंद ठेवल्याने यातलं काहीही थांबत नाही. कपाटातही कपॅसिटर वाळतोच, फक्त कुणाला कळत नाही. महाबळेश्वर-पाटण पट्ट्यातली पावसाळी दमट हवा कुलपाला विचारून आत जात नाही.

आणि ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात. बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो. युट्यूब बघून तिथे हात घालू नये. पण हे काम येणारी माणसं आपल्याकडे आहेत : जुने टीव्ही मेकॅनिक. ईएचटी कुठे तपासायची, ट्यूब डिस्चार्ज कशी करायची, एका नजरेत व्हर्टिकलचा दोष कसा ओळखायचा, हे त्यांना येतं. तालुक्याच्या गावी अजून एखादं दुकान असतं, आत एलईडी पॅनल आणि मागे एक माणूस, ज्याचं खरं ज्ञान आता कुणी विकत घेत नाही. त्यांची साठी उलटली आहे. ट्यूब अजून वीस वर्षं टिकेल कदाचित. ते ज्ञान टिकणार नाही. इंजिनिअरिंग कॉलेजने या माणसाला मानधन देऊन बोलवावं आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांनी त्याच्या हाताखाली बसावं, यात कुणाचा कमीपणा आहे?

संग्रहालयशास्त्राकडून एक गंभीर आक्षेप येतो. कपॅसिटर बदलले, चकत्या बदलल्या, तर मूळ वस्तू उरली कुठे? याचं उत्तर सोपं आहे. शक्य असेल तिथे दोन यंत्रं ठेवा : एक जसंच्या तसं, एक चालतं. चालत्यातला प्रत्येक बदल वहीत लिहा, काढलेला भाग तारखेची चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. आणि सगळ्यांत आधी, काहीही करण्यापूर्वी, रॉमची प्रत काढा.

हे जगात कुठे होतं? होतं. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कच्या आवारातल्या नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंगमध्ये १९५१ चं हारवेल डेकाट्रॉन यंत्र २०१२ मध्ये पुन्हा चालू झालं. कॅलिफोर्नियातल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये १९५९ साली बाजारात आलेलं आयबीएम १४०१ निवृत्त इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं खपून उभं केलं आणि ते लोकांसमोर चालवतात. सिएटलला पॉल ॲलनने तर असं संग्रहालय काढलं, जिथे जुन्या यंत्रांसमोर कुणीही बसावं, आणि घरबसल्या इंटरनेटवरून त्यांत लॉगिनही करावं. २०१२ मध्ये ते लोकांना खुलं झालं. २०१८ मध्ये ॲलन गेला, २०२० मध्ये कोविडात दार बंद झालं, आणि २०२४ मध्ये जाहीर झालं की ते आता उघडणार नाही. वस्तू ख्रिस्टीजच्या लिलावात गेल्या. यातून दोन धडे घ्यायचे. चालतं संग्रहालय शक्य आहे. आणि ते एका धनाढ्य माणसाच्या मर्जीवर उभं करायचं नसतं.

‘एवढ्या मोठ्या गोष्टी पुण्या-मुंबईला’ असं म्हणणाऱ्यांसाठी फक्त पत्ते देतो. मराठी विश्वकोश वाईत बसून झाला. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये माळावर उभी राहिली. औंध तर एक छोटं संस्थान होतं. या दोन जिल्ह्यांना मोठ्या कामासाठी मोठं शहर लागत नाही, हे सिद्ध करून आता शंभर वर्षं झाली.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे : हा गतकातरपणा नाही का? लोकांना जुनं यंत्र नको होतं, म्हणून ते गेलं. याला वारणेचं उदाहरण देतो. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी वारणेचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकाने गावातल्या केंद्रावर जायचं आणि संगणकावर आपली माहिती बघायची. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस. तो स्वस्त पडला, सोयीचा ठरला आणि शेतकऱ्यांना जास्त आवडला. मोबाइल जिंकला आणि जिंकायलाच हवा होता. मी कुणाला परत केंद्रावर रांगेत उभं करायला निघालेलो नाही. पण मोबाइल का जिंकला हे त्या शेतकऱ्याच्या नातवाला समजायचं असेल, तर हरलेलं यंत्र त्याच्यासमोर चालू असलं पाहिजे. दोन सेकंदांची वाट त्याने स्वतः बघितली पाहिजे. नाहीतर ‘प्रगती झाली’ हे वाक्य तो पाठ करेल, समजणार नाही.

म्हणून मागणी एका खोलीची आहे, भव्य इमारतीची नाही. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, किंवा सातारा-सांगलीतलं कुठलंही कॉलेज. खोली वरच्या मजल्यावर हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती आणि तळमजल्यावर ठेवलेल्या वस्तूंचं काय होतं हे सांगलीला सांगायची गरज नाही. दोन-तीन टर्मिनल्स, त्यांतलं एक देवनागरी. मागे कोनाड्यात एक छोटा संगणक, जो जुन्या युनिक्स मशीनची जागा घेईल. तो नवा असला तरी चालेल, माणसाचं बोट टर्मिनलला लागलं पाहिजे. यंत्रं कॉलेजच्या जडसंग्रह नोंदवहीत ‘संग्रहालय’ म्हणून चढवावीत, म्हणजे पुढचे प्राचार्य ती निर्लेखित करू शकणार नाहीत. दोन्ही जिल्ह्यांतल्या बँका, कारखाने आणि कचेऱ्यांनी जुनं सामान लिलावात काढण्याआधी यादी या खोलीकडे पाठवावी आणि महिनाभर वाट बघावी. आठवड्यातून एक दिवस खोली सगळ्यांना उघडी हवी. निवृत्त बँक कारकून यावेत आणि त्यांनी दाखवावं की बोटं न बघता कशी चालायची. शाळेची पोरं यावीत आणि त्यांनी आपलं नाव टाइप करावं. एखादं यंत्र मध्येच बंद पडलं तर उत्तम. त्या दिवशी पोरांना दुरुस्ती बघायला मिळेल.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ऑफिसच्या माळ्यावर, पतसंस्थेच्या गोदामात, काकांच्या बंद पडलेल्या कम्प्युटर क्लासमध्ये एखादं जड, पिवळट पडलेलं, मागे पंचवीस पिनांची खाच असलेलं खोकं असेल, तर दोनच गोष्टी करा. ते भंगारात घालू नका. आणि उत्साहाच्या भरात प्लग लावू नका. आधी जवळचा टीव्ही मेकॅनिक शोधा, तो हाताशी आहे तोवर.